चार ओळींचा पॅच मी तीनदा परत का पाठवला

"अरे, चालतंय ना? मग अडवून कशाला ठेवलंयस?"

दहिसर सुटलं होतं, आम्ही दोघं दरवाज्याकडे सरकत होतो, आणि डब्यातल्या त्या गर्दीत माझ्या जुन्या मित्राने मला हे विचारलं. मीरा रोडला उतरल्यावर पुलावर, मग रिक्षाच्या रांगेत, मग पुढचे दोन रविवार माझ्या घरी चहा पिताना त्याने हेच वेगवेगळ्या शब्दांत विचारलं. मीरा-भाईंदरमधल्या दुकानांना तो बिलिंगची मशीनं बसवून देतो. त्याच्याकडे काम करणाऱ्या एका मुलाने ड्रायव्हरमधल्या एका बगवर चार ओळींचा पॅच लिहिला. मित्राने तो "जरा नजर टाक" म्हणून माझ्याकडे पाठवला आणि मी तो परत पाठवला. एकदा नाही, तीनदा. तोवर तिकडे दुकानदार खोळंबला. मित्राचा राग मला समजतो. पण त्याचं म्हणणं चुकीचं आहे, आणि ते त्याच्या एकट्याचं नाही. वीस वर्षं ड्रायव्हर लिहिताना आणि दुसऱ्यांचे तपासताना प्रत्येक ऑफिसात मी तेच ऐकलंय. म्हणून उत्तर सविस्तर देतो.

आधी प्रकरण काय ते. शांतीनगरातल्या एका किराणा दुकानात इलेक्ट्रॉनिक काटा यूएसबी केबलने बिलिंगच्या कॉम्प्युटरला जोडलेला आहे. कॉम्प्युटर लिनक्सवर चालतो. काट्यावर तूरडाळ ठेवली की वजन आपोआप बिलात येतं. आपल्याकडची हवा खारी, खाडी आणि मिठागरं जवळ. कनेक्टरच्या पत्र्यावर गंज धरतो आणि केबल सैल होते. पोतं सरकवताना धक्का लागून केबल निघाली की कॉम्प्युटर जागच्या जागी गोठायचा. दर वेळी नाही, पण आठवड्यातून दोनदा तरी. मग बटण दाबून बंद करा, पुन्हा चालू करा, अर्धवट राहिलेलं बिल पहिल्यापासून टाका, आणि तेही संध्याकाळी सात वाजता, काउंटरवर दहा माणसं उभी असताना.

बग शोधला त्या मुलानेच, आणि नीट शोधला. काट्याचा ड्रायव्हर दर 200 मिलिसेकंदांनी एक छोटं काम कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, रांगेत लावतो: काट्याला वजन विचार, लिहून ठेव, स्वतःला पुन्हा रांगेत लाव. या सगळ्याची नोंद मेमरीच्या एका तुकड्यात असते. केबल निघाली की ड्रायव्हरमधलं आवराआवर करणारं फंक्शन चालतं आणि तो तुकडा परत करून टाकतं. पण रांगेतलं काम कोणी रद्द केलेलंच नसतं. ते आपल्या वेळेला उठतं आणि जो तुकडा आता आपला राहिलेला नाही त्यात हात घालतं.

मुलाचा पॅच असा होता. त्या तुकड्यातच 'काटा गेला' अशी एक खूण ठेवायची. तुकडा परत करण्याआधी ती लावायची. काम उठलं की आधी खूण बघेल. लावलेली दिसली तर काही न करता माघारी जाईल. चार ओळी. त्याने पन्नास वेळा केबल काढून लावली, मशीन एकदाही गोठलं नाही.

वाचणाऱ्याला पटतं. मलाही पहिल्या वाचनात पटलं होतं. दुसऱ्या वाचनात प्रश्न पडला: खूण ठेवली कुठे? ज्या तुकड्यावरचा हक्क सोडला, त्याच तुकड्यात. म्हणजे भाड्याची खोली सोडताना आतल्या भिंतीवर 'मी आता इथे राहत नाही' असं लिहून जायचं, आणि ते वाचण्यासाठी त्याच खोलीचं कुलूप उघडून पुन्हा आत शिरायचं. खोली रिकामी असेपर्यंत अक्षरं दिसतील. नवा भाडेकरू आला, त्याने रंग काढला, की तुम्ही परक्याच्या घरात उभे. परत केलेली मेमरी कर्नल सहसा लगेच पुसत नाही. पुढचा मागणारा येईपर्यंत बरेचसे जुने आकडे तिथेच पडून राहतात. म्हणून मुलाला पन्नास वेळा आपली खूण दिसली. दुकानात बिल छापलं जात असतं, नेटवर्कवर यूपीआयचा निरोप येत असतो, आणि तोच तुकडा क्षणात दुसऱ्याच्या हाती जातो. मग खुणेच्या जागी कसला तरी भलताच आकडा असतो, आणि आपलं काम खुशाल तिथे वजन लिहून टाकतं.

आधी मशीन गोठायचं, निदान काहीतरी बिघडलंय हे कळायचं. या पॅचनंतर मशीन चालत राहिलं असतं आणि एखाद्या दिवशी कुठल्या तरी फाईलमध्ये, कुठल्या तरी हिशेबात डाळीचं वजन जाऊन बसलं असतं. दुकानदाराने महिन्याभराने हिशेब जुळवताना डोकं धरलं असतं आणि काट्याच्या केबलचा संशय कोणालाही आला नसता. "चालतंय ना" या दोन शब्दांत माझा मित्र हे सगळं झाकून टाकतो.

मी मुलाशी वाद घातला नाही. लिनक्स कर्नलमध्ये 2015 पासून केसॅन नावाची सोय आहे. परत केलेल्या मेमरीला कोणी हात लावला की ती तिथल्या तिथे बोंब मारते: तुकडा कोणी घेतला, कोणी परत केला, नंतर कोण शिरलं, सगळं फंक्शनच्या नावानिशी. माझ्या घरच्या मशीनवर ती चालू करून कर्नल बांधला, त्याचा पॅच लावला आणि केबल त्यालाच काढायला सांगितली. पहिल्याच वेळेला पडद्यावर ओळींचा लोंढा आला. त्याने वाकून, बोट ठेवून वाचलं. वर 'यूज आफ्टर फ्री', खाली त्याच्याच फंक्शनचं नाव. बराच वेळ तो बोलला नाही. मग म्हणाला, "काका, पण माझ्याकडे पन्नास वेळा चाललं होतं." चाललं होतंच. तो खोटं बोलत नव्हता, मेमरी अजून दुसऱ्या कोणाला दिली गेली नव्हती एवढंच.

दुसऱ्या वेळी त्याने खूण लावल्यावर अर्धा सेकंद थांबायचं आणि मग तुकडा परत करायचा, असं केलं. काम दर 200 मिलिसेकंदांनी उठतं, तेव्हा अर्ध्या सेकंदात ते खूण बघून गेलेलं असेल हा हिशेब. हा प्रकार मी इतक्या ड्रायव्हरमध्ये पाहिलाय की आता थांबायची ओळ दिसली की आधी तिथेच बोट जातं. मशीनवर ताण असताना रांगेतलं काम किती उशिरा उठेल याची हमी कर्नल देत नाही. अर्धा सेकंद पुरेल हा अंदाज झाला, आणि अंदाजावर मेमरी परत करायची नसते.

तिसऱ्या वेळी तो अगदी जवळ आला. काम रद्द करणारं आणि ते चालू असेल तर संपेपर्यंत थांबणारं फंक्शन कर्नलमध्ये तयारच आहे. त्याने ते वापरलं. पण वापरताना एक लॉक, म्हणजे एका वेळी एकालाच मिळणारं कुलूप, हातात धरून ठेवलं, आणि तेच लॉक रांगेतल्या कामालाही हवं असतं. आवरणारा म्हणतो, काम संपल्याशिवाय मी लॉक सोडणार नाही. काम म्हणतं, लॉक मिळाल्याशिवाय मी संपणार नाही. दोघं कायमचे उभे. ही अडकण पकडणारी सोय कर्नलमध्ये 2006 पासून आहे, लॉकडेप तिचं नाव, आणि तिने ती पकडली. तिसरा पॅच परत गेला तो असा. मित्राचा फोन आला तो त्याच संध्याकाळी.

त्याचं पहिलं म्हणणं, चार ओळींचा तर पॅच, त्यात एवढं काय तपासायचं. ओळी मोजून धोका मोजता येत असता तर मीही चार ओळी डोळे मिटून घेतल्या असत्या. 2006 मध्ये लिनक्सच्या डेबियन या वितरणाच्या एका देखभालकर्त्याने ओपनएसएसएल या सांकेतिक किल्ल्या बनवणाऱ्या लायब्ररीमधला एक इशारा बंद केला. मेमरी तपासणारं एक साधन तक्रार करत होतं की न भरलेली मेमरी वापरली जातेय. त्याने तक्रारीला कारणीभूत असलेल्या दोन ओळी बंद केल्या. तक्रार थांबली, सगळं चाललं. पण त्यातल्याच एका ओळीतून यादृच्छिक आकड्यांचा सगळा साठा भरला जात होता. ती गेल्यावर किल्ल्या बनवताना फरक पडणारी गोष्ट जवळजवळ एकच उरली, प्रोसेसचा क्रमांक, आणि तो होता 32,768 पैकी एक. कित्येक सर्व्हरांच्या गुप्त किल्ल्या अंदाजाने काढता येतील इतक्या दुबळ्या झाल्या, आणि ते उघड झालं 13 मे 2008 ला. दोन वर्षं सगळं "चालत" होतं. यात मला सगळ्यात जास्त लागते ती गोष्ट वेगळी. त्या माणसाने बदल करण्याआधी मूळ प्रकल्पाच्या लोकांना विचारलं होतं, आणि हरकत नाही अशा अर्थाचं उत्तर त्याला मिळालंही होतं. नजर टाकली गेली होती, तपासलं गेलं नव्हतं. मित्राने मला पाठवलेल्या निरोपातलं "जरा नजर टाक" म्हणूनच मला मान्य नाही.

ड्रायव्हरच्या बाबतीत एवढी कडक भूमिका का, असंही तो विचारतो. कारण मोजदाद झालेली आहे. 2001 मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी लिनक्स कर्नल चाळला तेव्हा ड्रायव्हरमधलं चुकांचं प्रमाण बाकीच्या कर्नलच्या तीन ते सात पट निघालं. आणि ज्या अभ्यासाचे आकडे मी त्याला कागदावर लिहून दिले तो 2011 चा आहे: लिनक्स, ओपनसोलारिस, फ्रीबीएसडी आणि एक व्यावसायिक ऑपरेटिंग सिस्टिम, या चारांमध्ये वापरात आल्यानंतर केलेल्या दुरुस्त्यांचे नमुने तपासले, तर 14.8 ते 24.4 टक्के दुरुस्त्या स्वतःच चुकीच्या होत्या. दर सहा-सात दुरुस्त्यांमागे निदान एक. एकाच वेळी दोन गोष्टी चालल्याने होणाऱ्या बगमध्ये, म्हणजे आपल्या काट्याच्या बगच्याच जातीत, 39 टक्के दुरुस्त्या चुकल्या. शंभरातल्या एकोणचाळीस! त्या मुलाचा पहिला पॅच चुकला यात त्याचा कमीपणा काहीच नाही, तो बगच तसा आहे. पण मग त्याच जातीच्या बगवरचा पॅच न तपासता दुकानात लावा, हे मला कोणत्या तोंडाने सांगतात?

यावर मित्राचं उत्तर तयार असतं: लावून बघू, बिघडलं तर काढून टाकू. वेबसाईटवरचं बटण चुकीच्या रंगाचं झालं तर हे चालेल. ड्रायव्हर कर्नलच्या आत चालतो; तो बिघडला की तो काढण्यासाठी जे मशीन लागतं तेच उठत नाही. 19 जुलै 2024, शुक्रवार. आपल्या घड्याळात सकाळचे 9 वाजून 39 मिनिटं झाली होती तेव्हा क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-सॉफ्टवेअर कंपनीने एक छोटी फाईल सगळीकडे पाठवली. ती वाचणाऱ्या, विंडोजच्या कर्नलमध्ये बसलेल्या ड्रायव्हरला वीस रकाने मिळत होते. नव्या फाईलने एकविसावा मागितला. तो नसलेल्या जागी वाचायला गेला आणि मशीन कोसळलं. चूक 78 मिनिटांत मागे घेतली गेली. तरीही मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने 85 लाख मशीनं पडली, कारण पडलेलं मशीन सुरू होताना पुन्हा तोच ड्रायव्हर उचलायचं आणि पुन्हा पडायचं. माणसांनी एकेका मशीनपाशी जाऊन, सेफ मोडमध्ये शिरून हाताने ती फाईल काढली. आपल्याकडच्या विमानतळांवर त्या दिवशी बोर्डिंग पास पेनाने लिहून दिले. आणि हो, ती फाईल पाठवण्याआधी एका स्वयंचलित तपासणीतून गेली होती. तपासणीतच बग होता, तिने फाईल पास केली. आता यंत्रच तपासून देतं, माणसाची गरज काय, असं म्हणणाऱ्यांनी हे प्रकरण एकदा मुळातून वाचावं. केसॅन आणि लॉकडेपशिवाय मी काम करत नाही, पण केसॅन मला सांगतं कुठे हात लागला. का लागला आणि आणखी कुठे लागेल हे माणसालाच विचारावं लागतं.

मागे घेता येत नाही असं नुकसान थेट हार्डवेअरलाही होतं. 2008 च्या शरद ऋतूत लिनक्सच्या 2.6.27 आवृत्तीची चाचणी चालू असताना लोकांची इंटेलची नेटवर्क कार्डं मरायला लागली. कार्डावरच्या कायमस्वरूपी मेमरीत कोणीतरी कचरा लिहीत होतं. कॉम्प्युटर पुन्हा सुरू करून काही होत नव्हतं. संशय साहजिकच त्या कार्डाच्या ई1000ई ड्रायव्हरवर गेला. काही वितरणांनी तो ड्रायव्हर बंद केला, आणि ड्रायव्हरच्या लेखकांनी कार्डाच्या मेमरीवर लिहिण्याला कुलूप घातलं. कुलूप योग्यच होतं, कार्डं वाचली. पण तिथे थांबले असते तर? खरा गुन्हेगार ड्रायव्हर नव्हताच. कर्नलचा मागोवा घेणारी एफट्रेस नावाची नवी सोय काम संपलेल्या कोडचे पत्ते लक्षात ठेवून बसली होती. ती जागा मोकळी होऊन तिथे कार्डाची मेमरी जोडली गेली, आणि एफट्रेस जुन्या पत्त्यावर लिहायला गेली. माझ्या काट्याच्या बगचं हे मोठं भावंड आहे. 'हे थांबलं' यावर समाधान न मानता 'हे का होत होतं' विचारणारे लोक तिथे होते म्हणून ते सापडलं.

आता त्याचा शेवटचा आरोप, जो मला खरोखर लागला. म्हणाला, "तुम्ही जुने लोक दाराशी बसता. पोरगं उमेदीने काही करतं, तुम्ही तीनदा तोंडावर फेकता. पुढच्या वेळी ते करणारच नाही." यातला निम्मा भाग खरा आहे आणि तो मी नाकारणार नाही. आमच्या व्यवसायात पॅच तपासण्याच्या नावाखाली माणसांचा अपमान फार झालाय. खुद्द लिनक्सच्या जनकाने, लिनस टोरवाल्ड्सने, सप्टेंबर 2018 मध्ये आपल्या वागण्याची जाहीर माफी मागितली आणि काही काळ काम बाजूला ठेवलं. मीही तरुणपणी एका वरिष्ठाकडून "हे काय लिहिलंय" एवढ्या दोन-तीन शब्दांत पॅच परत घेतलेला आहे. त्या आठवड्यात मी काही लिहू शकलो नव्हतो, आणि चूक काय होती ते मला स्वतः शोधायला आठ दिवस लागले. असं तपासणं म्हणजे अडवणूकच. तपासणाऱ्याने 'चुकलं' म्हणताना कुठे, कोणत्या क्रमाने, कोणत्या परिस्थितीत चुकेल हे दाखवलंच पाहिजे, आणि तेही त्याच दिवशी, दोन महिन्यांनी नाही.

पण त्यावरचा उपाय न तपासणं हा कसा? त्याच 2011 च्या अभ्यासात आणखी एक आकडा आहे: चुकीच्या निघालेल्या दुरुस्त्यांपैकी 27 टक्के अशा माणसांनी केल्या होत्या ज्यांनी ती फाईल आधी कधीच हाताळली नव्हती. नवा माणूस चुकतो तो हुशारी कमी म्हणून नाही. ते कोड असं का लिहिलंय, कोणतं लॉक कशासाठी आहे, हे कोणी सांगितलेलंच नसतं. ते सांगण्याची आमच्या धंद्यात दुसरी शाळा नाही. पॅच परत येतो, त्यावर खुणा असतात, त्या वाचून माणूस शिकतो. मी तसाच शिकलो. पहिला पॅच मी गोड बोलून घेतला असता तर तो मुलगा केसॅनचा अहवाल वाचायला कधी शिकला असता? आणि दोन महिन्यांनी हिशेब बिघडल्यावर बोल कोणाला लागला असता? मित्राला नाही, मला नाही. त्या पोराला. त्याच्या उमेदीची काळजी असणाऱ्याने हेही धरून चालावं.

मित्र म्हणतो त्या दुकानदाराचाही मी विचार केलाय. पंधरा दिवस तो खोळंबला, हे खरं. म्हणून पहिल्याच दिवशी मी सांगितलं होतं की केबल बदला, पंचवीस-तीस रुपयांची क्लिप लावून ती टेबलाला घट्ट बांधा, पॅच होईपर्यंत तेवढ्याने भागेल. भागलंही. घाईचा इलाज वेगळा करता येतो आणि तो करावा. त्याला दुरुस्ती म्हणून कोडमध्ये कायमचं बसवू नये एवढंच मी म्हणत होतो.

चौथा पॅच एकोणीस ओळींचा झाला. लॉक धरून खूण लावायची, लॉक सोडायचं, मग काम रद्द करून ते संपेपर्यंत थांबायचं. आणि तुकडा परत करायचा तो शेवटचा वापरणारा गेल्यावर, कारण केबल निघाली तरी बिलिंगच्या प्रोग्रामने ती डिव्हाइस फाईल उघडी धरलेली असते. हे शेवटचं माझ्या ध्यानात नव्हतं. तीन पॅच तपासताना माझ्याकडून ते सुटलं होतं, आणि त्या मुलाने स्वतः, लॉकडेपचा अहवाल समोर ठेवून, शोधलं. वापरणाऱ्यांची मोजणी त्याने घातली. मी दोन्ही सोयी चालू करून तीन संध्याकाळी केबल काढत-लावत बसलो, बिल छापताना, वजन येत असताना, प्रोग्राम मध्येच बंद करून. एक ओळही आली नाही. पॅचखाली त्याचं नाव, त्याखाली तपासणारा म्हणून माझं.

परवा दुकानात तो बसवला. मित्रही आला होता, फारसा बोलला नाही. मुलाने काउंटरखाली वाकून केबल ओढली, पुन्हा लावली, काट्यावर साखरेची पिशवी ठेवली. वजन बिलात आलं. मग तिथेच खाली बसून त्याने मला विचारलं, "काका, रात्री कॉम्प्युटर स्लीपमध्ये असताना केबल निघाली आणि सकाळी उठवला तर?"

ते आम्ही तपासलेलं नव्हतं. शनिवारी माझ्याकडे येऊन तो ते तपासणार आहे, तोवर दुकानदाराला रात्री मशीन पूर्ण बंद करायला सांगितलंय.